'हॅव बीन टू' आणि 'हॅव गॉन टू': जाऊन आलो, गेलोय, गेलो होतो

अल्पविराम

"आय हॅव गॉन टू सिंगापूर ट्वाइस."

अर्थ पोचतो, तरी ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. बोलणारा समोर बसलाय, म्हणजे सिंगापूरहून परत आलाय. आणि 'हॅव गॉन' सांगतंय की तो अजून तिकडेच आहे. हवं होतं ते "आय हॅव बीन टू सिंगापूर ट्वाइस."

एरवी चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही ही चूक सर्रास ऐकू येते, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

'गो' या क्रियापदाला प्रेझेंट परफेक्टमध्ये दोन रूपं मिळतात. 'गॉन' हे त्याचं स्वतःचं, 'बीन' हे 'बी'कडून उसनं घेतलेलं. दोघांनी काम वाटून घेतलंय:

शी हॅज गॉन टू द बँक: ती बँकेत गेलीय. तिथे असेल, नाहीतर वाटेत असेल. इथे नाही.

शी हॅज बीन टू द बँक: ती बँकेत जाऊन आली. आता बँकेत नाही.

मराठीत 'जाऊन येणे' हा जोड तयारच आहे. इंग्रजीत तोंड उघडण्याआधी मनातल्या वाक्यात 'जाऊन आलो', 'जाऊन आली' बसवून बघा. अर्थ तोच राहिला तर 'बीन टू', बिघडला तर 'गॉन टू'. "बाबा बाजारात गेलेत, तासाभराने फोन करा" यात 'जाऊन आलेत' घातलं तर वाक्याचा विचका होतो, म्हणून तिथे 'गॉन'.

मग आपली गाडी नेमकी कुठे घसरते? 'गेला आहे' हे रूप मराठीत दोन्हीकडे चालतं तिथे. "तो लंडनला गेला आहे, सोमवारी येईल" आणि "तू कधी लंडनला गेला आहेस का?" क्रियापद अगदी एक. दुसऱ्या वाक्यात 'कधी' हा शब्द आणि समोर उभा असलेला माणूस मिळून आपल्याला सांगतात की प्रश्न अनुभवाचा आहे. इंग्रजीत तेवढ्यावर भागत नाही, क्रियापदच बदलावं लागतं: "हॅव यू एव्हर बीन टू लंडन?"

'टू'बद्दलही लिहितो, कारण चुका तिथेही पुष्कळ. होम, हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स, समव्हेअर यांच्या आधी 'टू' लागत नाही. "शी हॅज नेव्हर बीन अब्रॉड." 'बीन टू अब्रॉड' हे ठार चूक. मराठीत 'परदेशी', 'घरी', 'वर' या शब्दांच्या पोटातच 'ला' किंवा 'त' असतो, तसंच समजा.

आणि हा 'बीन टू' परफेक्टच्या बाहेर जगत नाही. "आय वॉज टू पॅरिस", "आय ॲम बीन टू पॅरिस" असली वाक्यं इंग्रजीत नाहीतच. मागे हॅव, हॅज, हॅड यांपैकी कुणीतरी उभं हवंच.

निळीशाई

छान धागा. काही ठिकाणी 'टू'ऐवजी 'इन' दिसतं. "आय हॅव बीन इन लंडन" आणि "आय हॅव बीन टू लंडन" यांत फरक आहे की चालतं कसंही?

अल्पविराम

@निळीशाई, चांगलाच फरक आहे. 'बीन टू' म्हणजे जाऊन परत. 'बीन इन' म्हणजे तिथे असणं, राहणं. आणि सोबत 'फॉर' किंवा 'सिन्स' असेल तर ते राहणं अजून चालू आहे. "आय हॅव बीन इन लंडन फॉर थ्री वीक्स" म्हणणारा आत्ता लंडनमध्ये आहे.

म्हणून "आय हॅव बीन टू लंडन फॉर थ्री वीक्स" हे वाक्य अडखळतं. 'बीन टू' फेऱ्या मोजतं: वन्स, ट्वाइस, मेनी टाइम्स. मुक्काम किती दिवसांचा होता हे सांगायचं असेल तर सरळ "आय वॉज इन लंडन फॉर थ्री वीक्स" म्हणा. हा मुक्काम संपलेला.

गवतफुला

'मी गेलोय' असं स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन' कधीच म्हणता येत नाही का? बऱ्याच ठिकाणी तसा नियम शिकवतात.

क्रियाविशेषण

'कधीच नाही' हा नियम अर्धवट आहे. समोरासमोर बोलताना 'आय हॅव गॉन टू अमुक' अशक्य, कारण तुम्ही गेला असता तर इथे नसता. पण

– दारावर लावलेली चिठ्ठी किंवा पाठवलेला मेसेज: "हॅव गॉन टू द लायब्ररी, बॅक बाय सिक्स." वाचणारा वाचेल तेव्हा लिहिणारा तिथे नाही. एकदम बरोबर.

– 'शुड', 'वुड', 'कुड' आले की चित्र बदलतं. "आय शुड हॅव गॉन टू द डॉक्टर" म्हणजे डॉक्टरकडे जायला हवं होतं, गेलो नाही. इथे परत येण्याचा प्रश्नच येत नाही, मुळात जाणंच झालेलं नाही. म्हणून 'गॉन' बरोबर.

– 'गॉन'नंतर दुसरा शब्द लागून अर्थच बदललेला असतो ती सगळी प्रकरणं. ऑफिसच्या मेलमध्ये रोज लागणारं "आय हॅव गॉन थ्रू द डॉक्युमेंट" म्हणजे कागद वाचून काढला. त्यात प्रवास नाही, त्यामुळे 'बीन'चा नियम लावायला जाऊ नका. नियम नवा शिकलेली माणसं नेमकं हेच बरोबर वाक्य 'सुधारून' ठेवतात.

जाता जाता: "शी हॅज बीन थ्रू अ लॉट" म्हणजे तिने बरंच सोसलंय. 'गॉन थ्रू अ लॉट'ही त्याच अर्थाने चालतं.

मोजपट्टी

माझ्या मते मराठी माणसाची खरी अडचण 'गॉन'-'बीन' ही नाहीच, 'हॅड' ही आहे. "आय हॅड गॉन टू द डॉक्टर यस्टरडे", "वुई हॅड बीन टू पॅरिस लास्ट इयर" ही वाक्यं दहापट जास्त ऐकू येतात. यावर लिहा की.

अल्पविराम

मोजपट्टी, मुद्दा शंभर टक्के मान्य. मूळ धाग्यातच यायला हवा होता.

मराठीत "मी काल डॉक्टरकडे गेलो होतो" हे साधं, निरुपद्रवी वाक्य आहे. त्यातला 'होतो' आपण शब्दशः उचलतो आणि 'हॅड' करून टाकतो. पण आपला 'गेलो होतो' बहुतेक वेळा एवढंच सांगतो की गोष्ट घडली आणि संपली. त्या कामाला इंग्रजीत साधा भूतकाळ आहे: "आय वेंट टू द डॉक्टर यस्टरडे."

इंग्रजी 'हॅड गॉन', 'हॅड बीन' यांना दुसरी एखादी भूतकाळातली घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. "व्हेन आय रीच्ड, शी हॅड गॉन होम." मी पोचलो ही एक घटना, ती त्याच्या आधीच घरी गेली होती. "आय न्यू द रोड बिकॉज आय हॅड बीन देअर बिफोर." रस्ता ओळखीचा वाटला ही एक, त्याआधी तिथे जाऊन आलो होतो ही दुसरी. दुसरी घटना वाक्यात नसली तरी आधीच्या वाक्यात, बोलण्याच्या ओघात कुठेतरी हवी. नुसताच 'हॅड' टाकला की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो: हं, गेला होतास, मग काय झालं?

मराठीत तीन, इंग्रजीत तीन, पण जोड्या अशा लागतात:

मी गेल्या वर्षी पॅरिसला गेलो होतो: आय वेंट टू पॅरिस लास्ट इयर.

मी पॅरिसला जाऊन आलोय, किंवा गेलेलो आहे: आय हॅव बीन टू पॅरिस.

ती पॅरिसला गेलीय, पुढच्या आठवड्यात येईल: शी हॅज गॉन टू पॅरिस.

निळीशाई

पहिल्या वाक्यात 'हॅव बीन' घातलं तर? "आय हॅव बीन टू पॅरिस लास्ट इयर."

क्रियाविशेषण

चूक. संपलेल्या काळाचा शिक्का लागला की प्रेझेंट परफेक्टला तिथे जागा नाही. यस्टरडे, लास्ट इयर, ऑन मंडे, इन २०१९, टू डेज अगो, व्हेन आय वॉज अ चाइल्ड: यांपैकी काहीही आलं की 'वेंट'. 'व्हेन'ने सुरू होणारा प्रश्नही त्यात आला. "व्हेन हॅव यू बीन टू पॅरिस?" नाही, "व्हेन डिड यू गो टू पॅरिस?"

गंमत म्हणजे संवाद नेहमी एकाच वळणाने जातो. पहिला प्रश्न परफेक्टमध्ये, दुसऱ्यापासून साधा भूतकाळ:

– हॅव यू एव्हर बीन टू पॅरिस?
– येस, आय हॅव.
– व्हेन डिड यू गो?
– आय वेंट इन २०१९.

अनुभव आहे की नाही एवढंच विचारायचं असतं तोवर परफेक्ट. विशिष्ट फेरीबद्दल बोलायला लागलो की ती फेरी भूतकाळात जाऊन बसते.

काळ अजून चालू असेल तर मात्र परफेक्ट चालतो: "आय हॅव बीन टू द लायब्ररी ट्वाइस धिस वीक." आठवडा संपलेला नाही. 'धिस मॉर्निंग' घड्याळावर अवलंबून. सकाळी अकरा वाजता "हॅव यू बीन टू द बँक धिस मॉर्निंग?" ठीक. संध्याकाळी पाच वाजता तीच सकाळ संपलेली असते, तेव्हा "डिड यू गो टू द बँक धिस मॉर्निंग?"

खडूफळा

थोडं विरोधात. अमेरिकन माणसं "हॅव यू एव्हर गॉन टू…" म्हणताना ऐकू येतात. मग याला चूक कसं म्हणायचं?

अल्पविराम

ऐकू येतं हे खरं. विशेषतः एखादी गोष्ट करायला जाण्याबद्दल: "हॅव यू एव्हर गॉन स्कीइंग?" हे तिकडे रुळलेलं आहे, त्याला चूक म्हणणार नाही. ब्रिटिश माणूस तिथे "हॅव यू एव्हर बीन स्कीइंग?" म्हणेल. पण ठिकाणाच्या अनुभवासाठी 'बीन टू' दोन्हीकडे बिनधोक आहे, कुणाच्याच कानाला खुपत नाही. शिकणाऱ्याने तेच धरावं. उलट बाजूला, 'शी हॅज गॉन टू द बँक' म्हणजे ती इथे नाही, यावर अटलांटिकच्या दोन्ही काठांचं एकमत आहे.

अमेरिकन बोलीतला मोठा फरक वेगळाच आहे. जस्ट, ऑलरेडी, येट यांच्यासोबत तिकडे साधा भूतकाळ सर्रास चालतो. "डिड यू गो टू द बँक येट?" तिकडे सहज. ब्रिटिश वळणाच्या परीक्षेत मात्र "हॅव यू बीन टू द बँक येट?" लिहा.

खडूफळा

पटलं. एक भर घालतो: 'बीन' नुसतं, 'टू'शिवाय, 'येऊन जाणे' या अर्थानेही येतं, ते ब्रिटिश. "हॅज द पोस्टमन बीन?" म्हणजे पोस्टमन येऊन गेला का? इथे "हॅज द पोस्टमन कम?" विचारलं तर तो अजून दारात असल्याची छटा येते.

गवतफुला

म्हणजे 'जाऊन येणे'ही बीन आणि 'येऊन जाणे'ही बीन!

खडूफळा

हो. दोन्हीत फेरी पूर्ण झालेली आहे, बोलणारा फक्त फेरीच्या वेगळ्या टोकाला उभा आहे.

मोजपट्टी

सरावासाठी सहा वाक्यं टाकतो. इंग्रजी करा.

१. या महिन्यात मी तीनदा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो.
२. ती काल लायब्ररीत गेली होती.
३. तो जाऊन दोन तास झाले, अजून पत्ता नाही.
४. इथे मी पहिल्यांदाच येतोय.
५. मी पाच वर्षांपासून या जिममध्ये जातोय.
६. ते झोपायला गेलेत.

गवतफुला

प्रयत्न करते.

१. आय हॅव बीन टू डेंटिस्ट थ्री टाइम्स धिस मंथ.
२. शी वेंट टू द लायब्ररी यस्टरडे.
३. ही हॅज गॉन सिन्स टू अवर्स.
४. आय ॲम कमिंग हिअर फर्स्ट टाइम.
५. आय ॲम गोइंग टू धिस जिम सिन्स फाइव्ह इयर्स.
६. दे हॅव गॉन टू बेड.

अल्पविराम

गवतफुला, दुसरं आणि सहावं निर्दोष. पहिल्यात फक्त 'द' राहिला: "टू द डेंटिस्ट". बँक, डॉक्टर, डेंटिस्ट, लायब्ररी, जिम अशा रोजच्या ठिकाणांआधी 'द' हवा. शहर, देश यांच्या नावाआधी बहुधा नको.

तिसरं सविस्तर, कारण यात दोन वेगळ्या गाठी आहेत.

पहिली गाठ 'सिन्स'ची. मराठीत 'पासून' एकटा दोन कामं करतो: 'दोन तासांपासून' आणि 'दोन वाजल्यापासून'. इंग्रजीत लांबी मोजायची तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स'. फॉर टू अवर्स, सिन्स टू ओ'क्लॉक. फॉर फाइव्ह इयर्स, सिन्स २०१९. 'सिन्स टू अवर्स' म्हणजे 'दोन तास' नावाच्या क्षणापासून, असं काहीतरी विचित्र होतं.

दुसरी गाठ क्रियापदाची. 'सिन्स' काढून 'फॉर' घातलं तरी "ही हॅज गॉन फॉर टू अवर्स" याचा अर्थ होतो: तो दोन तासांसाठी गेलाय, दोन तासांनी येणार. बेत सांगितला. आपल्याला सांगायचंय की जाऊन दोन तास उलटले. त्यासाठी दोन्ही शब्द एकत्र लागतात: "ही हॅज बीन गॉन फॉर टू अवर्स." इथे 'गॉन' म्हणजे 'नसलेला', विशेषणासारखा, आणि 'हॅज बीन' ती नसण्याची अवस्था इतका वेळ चालू आहे हे सांगतं. 'बीन गॉन' बघून पुष्कळ जण टायपिंगची चूक समजतात आणि एक शब्द खोडतात.

चौथं: "धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव बीन हिअर." मराठीत वर्तमानकाळ, इंग्रजीत परफेक्ट. 'हिअर'च्या आधी 'टू' नाही.

पाचवं: "आय हॅव बीन गोइंग टू धिस जिम फॉर फाइव्ह इयर्स." पाच वर्षांपूर्वी सुरू झालं, आजही चालू, म्हणून 'हॅव बीन' अधिक 'इंग'. नुसतं "आय हॅव बीन टू धिस जिम" म्हटलं तर कधीतरी एकदा तिथे पाऊल टाकून आलो एवढाच अर्थ, मग पाच वर्षांची फी वाया.

क्रियाविशेषण

सहाव्याचं उलट रूप बघण्यासारखं आहे. "ही हॅज गॉन टू बेड" म्हणजे झोपायला गेला. "ही हॅजन्ट बीन टू बेड" म्हणजे अंथरुणाला पाठच लागलेली नाही, रात्रभर जागा आहे.

आणि नुसतं "ही हॅज गॉन" एखाद्या वयस्कर किंवा आजारी माणसाबद्दल म्हणताना जपून. मराठीत "आजोबा गेले" म्हटल्यावर खोली जशी गप्प होते, तसंच इंग्रजीतही होऊ शकतं. ठिकाण जोडा किंवा 'आउट' लावा: "ही हॅज गॉन आउट."

निळीशाई

उच्चार? काही जण 'बीन' म्हणतात, काही 'बिन'.

खडूफळा

ब्रिटिश उच्चार लांब 'बीन', भरभर बोलताना तोही आखडून 'बिन' होतो. अमेरिकन बहुधा 'बिन'. दोन्ही चालतात. लिहिताना मात्र 'बीइंग' होऊ देऊ नका: "आय हॅव बीइंग टू" ही चूक मेलमध्ये फार दिसते. तशीच "आय हॅव वेंट". 'वेंट' एकटा फिरतो, त्याला 'हॅव' सोबत चालत नाही.

बोलताना 'हॅज' आखडून 'हीज', 'शीज' होतं. "हीज बीन टू द बँक" यातला तो 'ज' म्हणजे 'हॅज', 'इज' नव्हे. पूर्ण लिहायची वेळ आली की काही जण 'ही इज बीन' लिहून मोकळे होतात, ते यामुळेच.

निळीशाई

शेवटची शंका. उशिरा आलेल्या माणसाला "कुठे गेला होतास?" हे इंग्रजीत कसं विचारायचं? 'व्हेअर हॅड यू गॉन' बरोबर वाटत नाहीये आता.

अल्पविराम

बरोबर नाहीच. तो परत येऊन समोर उभा आहे, म्हणून "व्हेअर हॅव यू बीन?" काल दुपारबद्दल विचारायचं असेल तर "व्हेअर डिड यू गो यस्टरडे आफ्टरनून?" आणि तो अजून आलाच नसेल, तुम्ही तिसऱ्याच कुणाला विचारत असाल, तर "व्हेअर हॅज ही गॉन?"

"व्हेअर हॅव यू बीन?" चढ्या आवाजात म्हटलं तर सरळ जाब विचारल्यासारखं होतं, "इतका वेळ होतास कुठे?" असं. साहेबांना विचारायचं असेल तर हे नको, "आय वॉज लुकिंग फॉर यू" एवढंच म्हणा.